१०६ क्रमांकाचा बेंजो

कलाशाखेच्या विद्यार्थिनीने सिंथेसायझरवर लेख लिहावा, हे पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. त्यांना आधीच सांगून टाकते की, या विषयाकडे मी शास्त्राच्या ओढीने गेले नाही. घरच्या एका अडचणीने मला तिकडे नेले.

माझे मामा अंबरनाथच्या एका पथकात गेली पंचवीस वर्षे बेंजो वाजवतात. गणपती, नवरात्र, हळद, वरात, पालखी असे त्यांचे वर्ष जाते. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या मनगटाने असहकार पुकारला. बेंजोवर उजव्या हाताने सारखे वरखाली आघात करावे लागतात आणि विसर्जनाची मिरवणूक सहा-सात तास चालते. डॉक्टरांनी मनगटाला विश्रांती सांगितली. पथकप्रमुख चांगला माणूस. त्याने मामांना दूर केले नाही. तो म्हणाला, "मामा, तुम्हाला पेटी येते. कीबोर्डवर बसा. बेंजोचा टोन त्यात असतोच."

"टोन त्यात असतोच" या तीन शब्दांची परीक्षा म्हणजे प्रस्तुत लेख होय.

एकाच देशाचे दोन पाहुणे

प्रथम आपला बेंजो म्हणजे काय, हे स्पष्ट केले पाहिजे. लाकडी लांबट पेटीवर पोलादी तारा ताणलेल्या असतात. तारांवर टंकलेखन यंत्रासारखी बटणे असतात. डाव्या हाताने बटण दाबले की तार खालच्या पडद्यावर टेकते आणि तिची लांबी कमी होते. उजव्या हातातल्या पत्तीने ती छेडली की स्वर उमटतो. पुस्तकांतून या वाद्याला 'बुलबुलतरंग' म्हणतात. आमच्याकडे मात्र बदलापूरपासून थेट कोकणापर्यंत सर्वांच्या तोंडी 'बेंजो' हेच नाव आहे. अमेरिकेतल्या कातडी मढवलेल्या, गोल पोटाच्या बँजोशी त्याचे नावापलीकडे नाते नाही. २०१६ साली रवी जाधव यांनी दिग्दर्शित केलेला 'बँजो' हा हिंदी चित्रपट याच पथकांच्या जीवनावर होता, त्यामुळे पुष्कळांनी हे वाद्य निदान पडद्यावर पाहिले असेल.

हे वाद्य मूळचे इथले नव्हे. १९१२ साली जपानमधल्या नागोया शहरात गोरो मोरिता या गृहस्थांनी 'तैशोगोतो' नावाचे वाद्य तयार केले. तार आणि बटण यांची सांगड ही त्यांची कल्पना. तेच पुढे भारतात येऊन बुलबुलतरंग झाले. आता गंमत पाहा. ज्या यंत्रांनी आज पथकांतून बेंजोची जागा घ्यायला सुरुवात केली आहे, ते यामाहा, रोलँड आणि कॅसिओचे कीबोर्डही जपानचेच. म्हणजे एका पाहुण्याने येऊन आधीच्या पाहुण्याला उठवले असे म्हणावे लागते. फरक इतकाच की, पहिला पाहुणा शंभर वर्षांत घरचा झाला, त्याचे मूळचे नावही आपण विसरलो. दुसरा अजून ओटीवरच आहे.

नादाची जाती

संगीताच्या प्रवेशिकेला बसलेल्या प्रत्येकाला नादाची तीन लक्षणे पाठ असतात: उंची-नीचता, लहानमोठेपणा आणि जाती. सा आणि प यांतला भेद उंचीचा, हळू आणि मोठ्याने यांतला भेद लहानमोठेपणाचा. पण तोच सा तितक्याच जोराने सनईवर आणि बेंजोवर वाजला तरी आपण डोळे मिटून वाद्य ओळखतो, तो भेद जातीचा. सिंथेसायझरवर टोन घडवणे म्हणजे ही जाती घडवणे.

जाती कशाने ठरते? पुस्तकी उत्तर असे की, मूळ नादाबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपनाद उमटत असतात आणि त्यांच्या कमीअधिक प्रमाणावर जाती ठरते. हे खरे आहे, पण अपुरे आहे. पॅरिसमध्ये १९४८ च्या सुमारास पिएर शेफेर यांनी घंटेच्या ध्वनिमुद्रणातला टोल्याचा आरंभ कापून टाकला आणि उरलेला नाद ऐकला, तेव्हा तो घंटेचा वाटेना. हा प्रयोग मीही केला. मामांच्या जुन्या ध्वनिमुद्रणातला एक स्वर घेतला आणि संगणकावर त्याच्या आरंभीचा सेकंदाचा विसावा भाग छाटून तो कँटीनमध्ये चार मैत्रिणींना ऐकवला. एकीने पेटी म्हटले, दोघींनी बासरी, चौथीने फोनची रिंग. बेंजो कोणीच म्हटले नाही. वाद्याची ओळख त्या विसाव्या भागात दडलेली होती.

तात्पर्य, जाती ही स्थिर वस्तू नसून क्षणाक्षणाला बदलणारी घटना आहे. ही एक गोष्ट ध्यानात आली की सिंथेसायझरची सारी बटणे समजू लागतात.

यंत्राचे चार प्रश्न

जुन्या पद्धतीच्या सिंथेसायझरची रचना चार पायऱ्यांची असते. पहिली पायरी ऑसिलेटर. हा कच्चा नाद निर्माण करतो. करवतीच्या दात्यांसारखी लहर निवडली तर सर्व उपनाद मिळतात, चौकोनी लहर निवडली तर फक्त विषम क्रमांकांचे. दुसरी पायरी फिल्टर. हा नको असलेले उपनाद गाळतो. घरातला दिवाणखान्यातला आवाज आणि बंद दाराआडून येणारा आवाज यांत जो फरक, तोच फिल्टर उघडण्यात आणि मिटण्यात. तिसरी पायरी ॲम्प्लिफायर, म्हणजे नादाचा लहानमोठेपणा. चौथी सर्वांत महत्त्वाची, ती म्हणजे एन्व्हलप.

एन्व्हलप काळाचा हिशेब ठेवते. तिचे चार भाग: पट्टी दाबल्यावर नाद पूर्ण जोरावर यायला किती वेळ लागतो तो अ‍ॅटॅक, मग तो किती वेळात उतरतो तो डिके, पट्टी दाबून धरली असता कुठल्या पातळीवर टिकतो ते सस्टेन, आणि बोट उचलल्यावर विरायला किती वेळ घेतो तो रिलीज. सनईत फुंक आहे तोवर सूर आहे, म्हणून तिथे सस्टेन भरपूर. बेंजोची तार एकदा छेडली की ती मरणपंथालाच लागते, म्हणून तिथे अ‍ॅटॅक शून्य, सस्टेनही शून्य. जे काय आहे ते डिकेमध्ये.

हीच चौकट घेऊन वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या जातींची यंत्रे निघाली. आरंभीच्या यंत्रांत हे विभाग एकमेकांना दोऱ्यांनी जोडावे लागत. त्या दोऱ्यांना 'पॅच कॉर्ड' म्हणत, म्हणून घडवलेल्या टोनला आजही 'पॅच' म्हणतात. असे एक मूग सिंथेसायझर अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली आले होते. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी ते तिथे उभारून दिले आणि गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा प्रभृतींनी त्यावर काम केले. १९६९ ते १९७२ या काळातल्या त्या ध्वनिफिती पुढे पन्नास वर्षे जवळजवळ अज्ञातच होत्या. २०२३ साली त्या प्रकाशित झाल्या.

मुंबईत हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजीत सिंग यांनी १९८२ साली दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका काढली. तीत रोलँड कंपनीची तीन यंत्रे होती: ज्युपिटर-८ हा कीबोर्ड, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे गिटारवादकांना खर्जातली साथ देण्यासाठी केलेले यंत्र. या तिसऱ्या यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. भैरव, ललत, मालकंस यांसारख्या रागांच्या सोबतीला ती घसरण कशी शोभते, हे सिंग यांनी ताडले. ज्यांनी ते यंत्र बनवले त्यांच्या ध्यानीमनी हा उपयोग नसावा. ध्वनिमुद्रिका त्या वेळी कोणाच्या फारशी नजरेत भरली नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली, तेव्हा जगभरच्या रसिकांनी ती डोक्यावर घेतली. सिंग २०१५ साली वारले. आपले कौतुक पाहायला ते होते, एवढे समाधान.

पुढे १९८३ साली यामाहाचा डीएक्स-७ आला. स्टॅनफर्ड विद्यापीठातले जॉन चाउनिंग यांनी १९६७ साली शोधलेली रीत त्यात होती. एका लहरीने दुसरीचे कंपन हलवायचे आणि त्यातून नवे उपनाद काढायचे. अशा सहा लहरी आणि त्यांच्या जोडणीचे बत्तीस प्रकार, असे ते प्रकरण होते. आवाज नवा आणि लखलखीत. पण त्यातले काय फिरवले असता काय होईल, हे कानाला आधी कळेना. बहुसंख्य वादकांनी कारखान्यातून भरून आलेल्या टोनांवर समाधान मानले. माझ्या मते इथून एक सवय लागली. टोन 'घडवायचा' असतो हे मागे पडून टोन 'निवडायचा' असतो, असे वाटू लागले.

यादीतले नाव

निवडायचा तर यादी हवी. १९९१ साली 'जनरल मिडी' नावाची १२८ टोनांची क्रमवारी ठरली, म्हणजे कुठल्याही कंपनीच्या कीबोर्डवर अमुक क्रमांकाला अमुक वाद्य यावे. या यादीत आपल्याकडची म्हणता येतील अशी वाद्ये दोनच ठळक दिसतात: १०५ ला सतार आणि ११२ ला सनई. आणि सतारीच्या शेजारीच, १०६ क्रमांकाला, लिहिले आहे 'बँजो'.

पथकाचा कीबोर्ड मामांच्या बदलापूरच्या घरी आणला तो दिवस मला आठवतो. मामी, शेजारचे दोघे-तिघे, मी, सगळे भोवती. मामांनी १०६ दाबला आणि त्यांच्या नेहमीच्या देवीच्या गाण्याचे पहिले चार सूर वाजवले. आवाज आला तो कोरडा, टणत्कारी, लगेच मिटणारा. अमेरिकन बँजो तो! मामा काही बोलले नाहीत. त्यांनी तेच चार सूर पुन्हा वाजवले, कीबोर्डचे बटण बंद केले आणि म्हणाले, "हा कोण दुसराच माणूस आहे गं बाय. आपल्या नावानं आलाय."

मी त्या वाक्यावरून हा अभ्यास सुरू केला.

उल्हासनगरला कॅम्प नंबर तीनमध्ये एक दुरुस्तीचे दुकान आहे. तिथले वृद्ध सिंधी काका पथकांचे कीबोर्ड उघडून नीट करतात आणि पेनड्राइव्हमधून नवे टोनही भरून देतात. फाळणीनंतर लष्कराच्या ओसाड छावणीत वसलेल्या आणि १९४९ साली नाव मिळालेल्या या गावाची, कुठल्याही वस्तूची नक्कल इथे मिळते, अशी ख्याती आहे. 'मेड इन यू.एस.ए.' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद तर लोकलच्या डब्यात लहान मुलेही सांगतात. काकांनी तो मला स्वतःच सांगितला आणि वर म्हणाले, "साईं, नक्कल करायला आधी अस्सल उघडून बघावं लागतं. न उघडता केली ती नक्कल नाही, ते फक्त लेबल." मग त्यांनी यादीतला १०८ क्रमांक काढला. तिथे 'कोटो' हे जपानी तंतुवाद्य आहे. पण १९९९ च्या सुधारित यादीत त्याच क्रमांकाच्या पोटात एक दुसरा टोन आहे, त्याचे नाव 'तैशो कोटो'. म्हणजे मोरितांचे वाद्य! आपल्या बेंजोचा सख्खा पूर्वज १०६ वर नसून दोन घरे पलीकडे, परक्या नावाखाली बसला होता.

तो वाजवल्यावर मामांचा चेहरा थोडा उजळला. "हा नात्यातला आहे," ते म्हणाले. "पण आपल्या गावचा नाही."

ऐकण्याचा तक्ता

नात्यातला टोन आपल्या गावचा करायचा, म्हणजेच त्याचे संपादन करायचे. त्यासाठी मी आधी यंत्राला हात न लावता आठ दिवस मामांचा बेंजो नुसता ऐकला. मनगटाला जपून ते एका वेळी पाच-सात मिनिटे वाजवत. एका स्वरात काय काय घडते याचा मी वहीत तक्ता केला. त्यातून पाच गोष्टी हाती आल्या.

पहिली: पत्ती तारेला लागते तेव्हा स्वराच्या आधी एक 'टिक' ऐकू येते. तिला उंची नाही, नुसता आघात आहे.

दुसरी: मामांच्या दोन मुख्य तारा एकाच स्वरात लावलेल्या असूनही पूर्ण जुळत नाहीत. एक ४४० कंपनांची आणि दुसरी ४४२ ची असेल, तर दर सेकंदाला दोन वेळा नाद फुगतो आणि ओसरतो. ही चूक नसून हाच बेंजोचा झळाळ आहे. सप्तकाचे १२०० सेंट धरले, तर हा फरक सुमारे ८ सेंटांचा भरतो.

तिसरी: बटण जरा जोराने दाबले की तार ताणली जाऊन स्वर किंचित चढतो. मामा लांब स्वरावर याच युक्तीने कंप देतात.

चौथी: खालचे आघात जड आणि वरचे हलके. 'दिड-दिड' वाजते त्यातला 'दि' आणि 'ड' एकसारखे नाहीत.

पाचवी मला फार उशिरा कळली. बेंजोवर दोन बटणे एकदम दाबली तर वरचा स्वर वाजतो, कारण तार तिथेच तोकडी होते. खालचे बटण धरून ठेवून वरचे सोडले, तर नवा आघात न करताही खालचा स्वर हलकेच उमटतो. मामांच्या सगळ्या मुरक्या या एका गुणधर्मावर उभ्या आहेत.

आता या पाच गोष्टी यंत्राच्या भाषेत सांगायच्या. दुसरी सोपी होती: दोन ऑसिलेटर घेऊन एक ८ सेंटांनी चढवला. तिसरीसाठी पट्टीवर दाब वाढवला असता स्वर चढण्याची सोय काही कीबोर्डांत असते; पथकाच्या कीबोर्डात ती नव्हती, म्हणून डाव्या हाताच्या दांडीवर काम भागवले. पहिल्या आणि चौथीसाठी मात्र घडवलेल्या लहरी पुरेना. तेव्हा आम्ही मामांचे खरे आघातच मुद्रित करायचे ठरवले. पथकाच्या कीबोर्डात बाहेरून मुद्रित केलेले तुकडे भरता येतात.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगते. एकच तुकडा मुद्रित करून तो सगळ्या पट्ट्यांवर पसरवला, तर वरचे स्वर वेगाने वाजतात, त्यांचा डिके आखूड होतो आणि 'टिक'सुद्धा चिरकी होते. म्हणून दोन सप्तकांत दर तीन पट्ट्यांमागे एक स्वर घेतला, म्हणजे नऊ स्वर झाले. प्रत्येकाचा एक खालचा आणि एक वरचा आघात, असे एकूण अठरा तुकडे झाले. प्रत्येक तुकड्याला आजूबाजूच्या एकेका पट्टीपर्यंतच ताणायचे.

मामांचे घर रुळांपासून जवळ. दिवसा मुद्रण अशक्य. शेवटची लोकल गेल्यावर आणि पहिली येण्याआधी जी शांतता असते, तेवढ्यात आम्ही दोन रात्री काम केले. तेवढ्यातही एक मालगाडी आलीच. सातव्या स्वराच्या शेपटीला तिचा भोंगा बारीक ऐकू येतो म्हणून तो तुकडा पुन्हा घ्यावा लागला. मामांनी अठरा तुकड्यांसाठी किती आघात केले ते मोजले नाही, पण दुसऱ्या रात्री त्यांनी मनगट गरम पाण्यात धरले होते आणि मी यंत्र बंद करायला निघाले तेव्हा "आणखी एकदा घे," म्हणाले.

संपादनात मी दोन चुका केल्या, त्या इतरांच्या उपयोगी पडाव्यात म्हणून नोंदवते. तुकड्यांच्या आरंभी राहिलेली सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतकी शांतता मी तशीच ठेवली. ऐकताना ती जाणवत नव्हती, वाजवताना मात्र मामा म्हणाले, "हा मागे मागे चालतोय." दुसरी चूक अशी की, सर्व तुकड्यांचा जोर मी सारखा केला. दिसायला तक्ता नीटस झाला आणि 'दिड-दिड'चा जीव गेला. वरचा आघात हलकाच असला पाहिजे. शेवटी असे ठरवले की, पट्टीवरच्या प्रहाराचा जोर यंत्र १ ते १२७ असा मोजते, त्यात ८० च्या वर खालचा आघात वाजावा आणि ८० च्या खाली वरचा. पेटीवर एकच पट्टी दोन बोटांनी आलटून पालटून वाजवण्याची मामांना सवय होतीच. अंगठ्याने जोरात, पहिल्या बोटाने हलके, अशी दिड-दिड बसली. मनगट न हलवता.

जे राहून गेले

पाचवी गोष्ट राहिली. सर्वांत वरच्या दाबलेल्या पट्टीलाच प्राधान्य द्यायचे, अशी सोय काही सिंथेसायझरांत असते. १९७० च्या मिनीमूगमध्ये नेमके उलटे, म्हणजे सर्वांत खालच्या पट्टीला प्राधान्य होते. पथकाच्या कीबोर्डात यातले काहीच नव्हते. त्यामुळे मामांना मुरक्यांची बोटे नव्याने बसवावी लागली. काही मुरक्या त्यांनी सोडूनच दिल्या.

पण खरी उणीव त्याहून खोल आहे, असे मला वाटते. बेंजोवर दोन हातांनी कामे वाटून घेतलेली असतात. डावा हात काय वाजायचे ते ठरवतो आणि उजवा हात ते वाजवतो. डावा आधीच पुढच्या स्वरावर जाऊन थांबतो, उजवा त्याला एक क्षण वाट पाहायला लावतो आणि मग आघात करतो. मिरवणुकीत नाचणारे ज्या क्षणाला हात वर करतात, तो हाच क्षण. कीबोर्डवर निवडणे आणि वाजवणे ही दोन्ही कामे एकाच बोटाची. त्या दोघांमधला अवकाश तिथे नाही. हे टोनचे वैगुण्य नव्हे, म्हणून टोनचे संपादन करून ते भरूनही येत नाही. जे टोनमध्ये नसते तेही वाद्यात असते, हे मला टोन घडवल्यावरच कळले.

गेल्या महाशिवरात्रीनंतर अंबरनाथ गावात एका हळदीला मामा प्रथमच या टोनवर वाजवायला बसले. मी मागे उभी होते. ताशा सुरू झाला, ऑक्टोपॅडवाल्याने ठेका धरला आणि मामांनी देवीचे गाणे काढले. नाचणाऱ्यांना काही फरक कळल्याचे दिसले नाही. पथकातल्या ढोलवाल्याने मात्र मध्येच मान वळवून पाहिले, पेटी कुठे ठेवली आहे म्हणून. परतताना रिक्षात मी मामांना विचारले, कसा वाटला? ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आवाज माझाच आहे. हात अजून त्याचा व्हायचाय." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला: चौदाव्या तुकड्यात 'टिक' जरा जास्त आहे, ती कमी कर.

समारोप

या अभ्यासातून माझ्यापुरता निष्कर्ष असा. सिंथेसायझर आपल्याला आवाज देतो असे आपण समजतो. वास्तविक तो आपल्याला प्रश्न विचारतो. आरंभ कसा आहे? उतरायला किती वेळ लागतो? दोन तारांत अंतर किती? बोट उचलल्यावर काय होते? या प्रश्नांची उत्तरे यादीतल्या नावात नसतात, वाजवणाऱ्याच्या हातात असतात. ज्याने अस्सल वाद्य लक्ष देऊन ऐकले नाही, त्याला शेकडो टोन असूनही १०६ क्रमांकाचा बँजोच मिळणार.

आपल्या परिसरात, उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरच्या पट्ट्यात, बेंजो, संबळ, सनई, ताशा वाजवणारी वडीलधारी माणसे आज आहेत. त्यांची वाद्ये मुद्रित करून ठेवायला आता मोठा स्टुडिओ लागत नाही. फोन, एक बरा मायक्रोफोन आणि रात्रीची शांतता पुरते. भौतिकशास्त्र, संगीत आणि मराठी या तीन विभागांनी मिळून असा एक छोटा संग्रह उभा करावा, अशी माझी नम्र सूचना आहे. त्यात प्रत्येक स्वरापुढे वाजवणाऱ्याचे नाव, गाव आणि तो आघात कसा करतो याची नोंद असावी. मामांचे अठरा तुकडे आणि माझा तक्ता मी पहिली भर म्हणून द्यायला तयार आहे. चौदावा तुकडा तेवढा दुरुस्त करून देईन.